शेजारच्या किचनमधून काढलेला विमा

मला फॉर्म मोठ्याने वाचत भरायची सवय आहे. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. तिथे औषधाचं प्रत्येक नाव, प्रत्येक डोस पुटपुटत तपासायचा, ही शिस्त इतकी अंगात मुरली आहे की घरी आल्यावरही जात नाही. घरी फक्त पुटपुटण्याचा आवाज वाढतो. त्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी टेबलावर लॅपटॉप उघडून घराच्या विम्याचा फॉर्म भरत बसले होते. नवरा सोफ्यावर होता. त्याच्याही कानावर पडावं म्हणून मी एकेक प्रश्न मराठीत करून वाचत होते. सासूबाई कोपऱ्यात देवापाशी दिवा लावत होत्या.

"घर कधी खचलंय का? भिंतींना तडे गेलेत का? पुराचं पाणी शिरलंय का? गेल्या पाच वर्षांत आग..."

"अगं, काय बोलून राहिली तू?" सासूबाईंचा काडी धरलेला हात हवेतच थांबला. "दिवेलागणीला? घरात बसून? वास्तू तथास्तु म्हणत असते, माहीत नाही का तुला?"

मी दिवसभर उभी राहून आले होते आणि माझं डोकं तसंही चटकन तापतं. "आई, हे लीड्सचं दगडी घर आहे. त्याला मराठी कळत नाही."

"तथास्तु म्हणायला कळावं लागत नाही," त्या म्हणाल्या आणि दिवा लावून, गुडघ्यावर हात दाबत उठल्या.

त्या गुडघ्यांसाठीच तर हा सगळा खटाटोप होता. सासूबाई सप्टेंबरात नागपूरहून आमच्याकडे आल्या, तेव्हा जिना कठड्याला धरून चढत होत्या. नोव्हेंबरपर्यंत पायरीपायरीवर बसत चढायला लागल्या. दोन्ही गुडघे बदलायचे होते आणि नागपूरच्या डॉक्टरांनी जानेवारीची तारीख दिली होती. आधी एक, मग तीन आठवड्यांनी दुसरा. ही तारीख हुकली तर पुढची उन्हाळा उलटल्यावर. नवरा एकुलता एक, आणि औषधं, व्यायाम, जखमेची काळजी यात त्याचा उपयोग शून्य, त्यामुळे आम्हा दोघांनाही जायचं होतं. मी वरिष्ठांच्या विनवण्या करून आठ आठवड्यांची रजा मिळवली होती. तिकिटं तेवढी राहिली होती, कारण अडलं होतं ते घरापाशी.

घर एकशे वीस वर्षांचं. चढावरच्या दगडी घरांच्या रांगेतलं सगळ्यात शेवटचं. आमची दोघांची सगळी पुंजी त्यात गेली आहे. आणि विम्याच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, घर सलग तीस दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर पाण्याच्या नुकसानीची जबाबदारी कंपनीची नाही. जानेवारी-फेब्रुवारीत इथे पाइपातलं पाणी गोठतं, पाइप फुटतो, आणि घरात कोणी नसलं तर पाणी नुसतं वाहत राहतं. आमच्याबरोबरच्या एका सिस्टरच्या घरी हे झालं होतं. ती सुट्टीवरून परत आली तेव्हा वरच्या खोलीचं छत खालच्या खोलीत आलेलं होतं. सासूबाईंचे गुडघे की घर, असं कोणी तोंडाने म्हणालं नाही. मनात मात्र तेच चाललं होतं.

"तू जस्ट ऑटो-रिन्यू करून टाक ना," नवरा म्हणाला. "तीस दिवस कोण मोजतंय? इट्स नॉट लाइक ते गेटवर माणूस बसवणारेत."

"क्लेम करायला गेलास की मोजतात. पासपोर्टवरचे शिक्केसुद्धा मोजतात."

"मग फोन कर त्यांना. तू चांगली बोलतेस फोनवर."

हे आमच्या घरातलं कामवाटप. जे अवघड, ते मी चांगलं करते.

घरात बसून आग, पूर, चोरी यांचा उच्चार करायचा नाही, असं फर्मान सुटलेलं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. खरं सांगायचं तर मीही पुरती निर्धास्त नव्हते. लहानपणी आईने हेच बजावलेलं होतं. तेव्हा संध्याकाळी कामावरून आले की मी घरासमोर लावलेल्या गाडीतच बसून फोन करायला लागले. मांडीवर कागद, डॅशबोर्डवर मोबाईल, काचेवर माझ्याच श्वासाचं धुकं. पहिल्या दिवशी एका कंपनीने चाळीस मिनिटं संगीत ऐकवलं. दुसऱ्या दिवशी दोन कंपन्यांनी 'आठ आठवडे' हे शब्द ऐकताच माफी मागितली. तिसऱ्या दिवशी एका मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी तिच्या कॉम्प्युटरने नाही म्हटलं. मी फोन ठेवला, कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि तशीच बसून राहिले.

काचेवर टकटक झाली. शेजारच्या बाई होत्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, वर्षभरात 'हवा काय वाईट आहे' यापलीकडे आमचं फारसं बोलणं झालं नव्हतं. मी काच खाली केली.

"लव्ह, तीन दिवस बघतेय मी," त्या हळूच म्हणाल्या. "सासूने घरात घेतलं नाही का?"

मला हसू आवरेना. हसता हसता रडू यायला लागलं आणि मग त्या बाईंची खात्रीच पटली. त्यांनी दार उघडून मला हाताला धरून बाहेर काढलं आणि थेट स्वतःच्या किचनमध्ये नेऊन बसवलं. चहा पुढे आल्यावर मी खरा प्रकार सांगितला. म्हणजे घर आपलं बोलणं ऐकतं, घरात वाईट बोललं तर ते तथास्तु म्हणतं, म्हणून विम्याचे फोन गाडीतून. इंग्रजीत सांगताना ते आणखीच वेडगळ वाटत होतं. मी मनाशी तयारी ठेवली होती की आता या गालात हसतील.

"माझी आई नवे बूट टेबलावर ठेवू द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "घरातलं कोणीतरी मरेल म्हणायची. मी अजून ठेवत नाही. तुझे फोन तू इथून कर. माझं घर इंग्रजी ऐकून कधीच कंटाळलंय."

त्यांनी ड्रॉवरमधून एक कार्ड काढून दिलं. जुन्या घरांचेच विमे काढून देणाऱ्या एका ब्रोकरचं ते कार्ड होतं. त्यांचा विमाही त्याच्याचकडे होता. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी कागद घेऊन त्यांच्या किचनमध्ये हजर झाले.

ब्रोकर सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने पहिल्यांदा विचारलं, घर पुन्हा बांधायला किती खर्च येईल? मी घराची किंमत सांगितली. तो म्हणाला, ही तुम्ही मोजलेली किंमत झाली. त्यात जमीन आली, रस्ता आला, शाळा आल्या. उद्या घर जळालं तरी जमीन जागेवरच राहणार. मला दगड, स्लेटचं छप्पर आणि गवंड्यांची मजुरी यांचा आकडा हवा. गेल्या वर्षी मी फॉर्मवर बेधडक खरेदीची किंमत ठोकून दिली होती आणि वर नवऱ्याला सांगितलं होतं की मी दहा मिनिटांत सगळ्यात स्वस्त विमा मिळवला.

मग छप्पर. "सगळं उतरतं आहे ना?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. समोर शेजारच्या बाई बटाटे सोलत होत्या, त्यांनी चाकू हलवून 'नाही' अशी खूण केली. "मागच्या बाथरूमवर सपाट छप्पर आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "डांबरी फेल्टचं. आणि पाण्याचे पाइप त्याच्या खालून जातात. तिथे हीटिंग नाही."

"कोण बोलतंय?" ब्रोकरने विचारलं.

"शेजारीण," मी म्हटलं. "त्यांना माझं घर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"मग फोन स्पीकरवर ठेवा," तो म्हणाला. वर्षभर ज्या पाइपांच्या जिवावर मी आंघोळ करत होते, ते नेमके कुठून जातात हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग तो प्रश्न आला. भिंत कधी सरकली होती का, दुरुस्ती झाली होती का? "नाही," मी म्हटलं, "काहीच नाही."

बाईंनी चाकू खाली ठेवला. "मी तुला कधीची विचारीन म्हणतेय. तुमच्या भिंतीवरच्या लोखंडी चकत्यांवर लाल-पिवळ्या खुणा कोणी केल्या? सर्वेअर येऊन गेला का? भिंत पुन्हा हलतेय का?"

आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर दोन गोल लोखंडी चकत्या आहेत, ताटाएवढ्या, मधे फुलासारखा आकार. रस्ता चढाचा असल्यामुळे वरच्या बाजूने त्या हाताला येतात. सासूबाई आल्या तेव्हा त्यांना त्या फार आवडल्या होत्या. इथल्या लोकांनीही घरावर शुभचिन्ह कोरलंय बघ, असं म्हणून त्यांनी दसऱ्याला दोन्ही चकत्यांना हळदकुंकू लावलं, वर झेंडूच्या दोन पाकळ्या चिकटवल्या, आणि मी फोटो काढून नागपूरच्या सगळ्या गोतावळ्याला पाठवला होता. दिवाळीला पुन्हा लावलं.

शेजारच्या बाईंनी सांगितलं ते असं. त्यांची मुलं लहान होती तेव्हा ती भिंत पोटासारखी बाहेर फुगायला लागली होती. गवंड्याने घराच्या आरपार दोन लोखंडी सळया घातल्या आणि बाहेरच्या टोकांना चकत्या आवळून भिंत धरून ठेवली. तेव्हापासून ती हललेली नाही. पण या दसऱ्याला त्यांनी रस्त्याने जाताना पाहिलं तर चकत्यांवर लाल-पिवळे ठिपके. असे ठिपके सर्वेअर लोक मारतात. म्हणजे भिंत पुन्हा निघाली. ती निघाली तर रांगेतलं पुढचं घर त्यांचं. दीड महिना त्या बिचाऱ्या रोज टॉर्च घेऊन तडे शोधत होत्या आणि आम्हाला विचारायला भीत होत्या.

मी त्यांना हळदकुंकू समजावून सांगितलं. फोनवर ब्रोकर सगळं ऐकत होता. बाई अशा हसायला लागल्या की बटाटे टेबलावरून घरंगळले. ब्रोकरही हसला, पण त्याने लगेच विचारलं, "गेल्या वर्षीच्या फॉर्मवर तुम्ही या सळयांबद्दल काय लिहिलं होतं?"

मी लिहिलं होतं, नाही. छप्पर सपाट? नाही. भिंत दुरुस्त? नाही. घर घेताना साठ पानांचा सर्व्हे रिपोर्ट आला होता. नवऱ्याने त्यातली शेवटची दोन पानं वाचली होती आणि मी किचनचे फोटो पाहिले होते. सळयांची माहिती बाविसाव्या पानावर होती, नंतर पाहिली. वर्षभर आम्ही जो विमा भरत होतो, तो वेळ आली असती तर खोट्या माहितीवर काढला म्हणून नाकारला गेला असता. फार्मसीत ओठ हलवून हलवून तपासणारी मी, स्वतःच्या घराबाबत अशी आंधळी! त्या किचनमध्ये बसून मला ब्रोकरपेक्षा, शेजारणीपेक्षा जास्त आभार मानावेसे वाटले ते सासूबाईंचे. त्यांनी मला घराबाहेर काढलं नसतं तर मी टेबलावर बसून पुन्हा सगळीकडे 'नाही'वर टिचकी मारली असती.

खरं सगळं सांगितल्यावर विमा महाग झाला, पण मिळाला. घर पुन्हा बांधण्याचा योग्य आकडा, सळया, सपाट छप्पर, गळती शोधायला फरशी उखडावी लागली तर तो खर्च, आणि आठ आठवड्यांचा रिकामा काळ, सगळं लेखी. त्या आठ आठवड्यांसाठी अटी होत्या. हीटिंग दिवसरात्र पंधरा अंशांवर चालू ठेवायचं, पोटमाळ्याची झडप उघडी टाकायची म्हणजे ऊब वरपर्यंत जाते, पाण्याचा मुख्य नळ बंद करायचा, आणि कोणीतरी आठवड्यातून एकदा आत फिरून बघायचं आणि वहीत नोंद करायची.

"मी करीन," शेजारच्या बाई म्हणाल्या. मी विचारायच्या आधीच.

जाताना मी त्यांना किल्ली आणि वही दिली. घरातून निघताना सासूबाई सवयीने गॅस, मेन स्विच, सगळी बटणं बंद करत सुटल्या होत्या. नागपूरच्या घरी तसंच करतात. मी त्यांच्या मागोमाग फिरून हीटिंग पुन्हा चालू केलं. "रिकामं घर तापवायचं?" त्या म्हणाल्या. "कोणासाठी?" पाइपांसाठी, मी म्हटलं, आणि टॅक्सीचा हॉर्न वाजला.

नागपुरात दोन्ही शस्त्रक्रिया चांगल्या पार पडल्या. पहिले दहा दिवस सासूबाईंनी मला इतकं छळलं की मला नर्सेसबद्दल नव्याने आदर वाटायला लागला. व्यायामाची वेळ झाली की त्यांना झोप यायची. मी ओरडायचे, त्या रुसायच्या, नवरा पेपर आणायला जायचा. पण सातव्या आठवड्यात त्या काठी न घेता अंगणाच्या फाटकापर्यंत चालत गेल्या आणि तिथून वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा माझे डोळे भरून आले. या सात आठवड्यांत मला घराची चिंता करावी लागली नव्हती, म्हणून मला त्यांच्याकडे एवढं लक्ष देता आलं. दर रविवारी शेजारच्या बाईंचा दोन ओळींचा मेसेज यायचा, सगळं ठीक आहे, आईंचे गुडघे कसे आहेत?

मार्चच्या सुरुवातीला आम्ही दोघं परत आलो. बाहेर बर्फ पडून गेलं होतं, गटारीच्या कडेला अजून साचलेलं होतं. घर कोरडं आणि उबदार. मी संत्रा बर्फीचा डबा घेऊन लगेच शेजारी गेले, मनापासून आभार मानले आणि किल्ली परत घेतली. तशीच रीत असते ना. त्यांनी ती पटकन काढून दिली. मला दारातच उभं ठेवलं, आत ये म्हणाल्या नाहीत. त्यांनी कोट आणि लोकरी टोपी घातली होती. बाहेर निघाल्या असतील, असं मला वाटलं.

घरी येऊन मी वही उघडली. ब्रोकरला पाठवायला आठ नोंदी पुरे होत्या. वही अर्धी भरली होती.

पहिल्या दोन नोंदी आठवड्याच्या अंतराने होत्या. मग रोजच्या. दोनला आले, पाचला गेले, पंधरा अंश, नळ बंद, सगळं ठीक. दोनला आले, सहाला गेले. आज विणकाम घेऊन आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, चालेल ना? नळ बंद म्हणून थर्मासमधून चहा आणला, दूधही घरून. मग फेब्रुवारीतली एक नोंद, अक्षर जरा वाकडं. 'बाहेर फार गारठा. सकाळी दहाला आले, रात्री आठला गेले. माफ कर.'

मी ते पान दोनदा वाचलं. पंधरा अंश म्हणजे आमच्यासाठी स्वेटर घालून बसायची थंडी. त्यांच्या घरात यापेक्षा किती कमी असेल? भिंतीला भिंत लागून आहे, वर्षभर शेजारी राहिलो, त्यांच्या किचनमध्ये बसून मी अख्खा विमा काढला, आणि ही बाई बिलाच्या भीतीने हीटिंग लावत नाही हे मला कळलं नव्हतं. मला स्वतःचा संताप आला. नवऱ्याला वही दाखवली तर त्यानेही ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

मी नागपूरला फोन लावला. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, मोठ्याने, मराठीत.

"बाप्पा!" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्यांच्याकडून किल्ली परत मागू नकोस हो."

"आई, घेतली मी."

"मग जा अन् देऊन ये. आत्ताच जा. अन् उपकार करून राहिल्यासारखी जाऊ नको."

मी चपला घालून तशीच गेले. दार उघडलं तेव्हा त्या अजून कोट-टोपीतच होत्या. मी किल्ली पुढे केली.

"पुन्हा निघालात कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण विम्याची अट आहे. थंडी आहे तोवर रोज दुपारी कोणीतरी घरात बसायला हवं. आम्ही दोघंही कामावर असतो."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. तो सगळा फोन त्यांनी बटाटे सोलत शब्दन् शब्द ऐकला होता. "ही अट मी ऐकलेली नाही," त्या म्हणाल्या.

"नवीन आहे," मी म्हटलं.

त्यांनी किल्ली घेतली आणि कोटाच्या खिशात टाकली. "दोन वाजता आले तर चालेल?"

"दहालाच या," मी म्हटलं. "नळ चालू आहे आता. दूधही फ्रिजमध्ये असतं."